मेंढ्यांना लावलेली दवा

बी.एस्सी. होऊन मी सेलूत रिकामा बसलो होतो, तेव्हा मुंबईच्या एका औषध कंपनीने मला कामावर घेतलं. त्वचेच्या चिघळणाऱ्या जखमांसाठी त्यांचं नवं अँटिबायोटिक तयार होत होतं. जिंतूरकडचे एक डॉक्टर ते चाचणीसाठी निवडक रोग्यांना देत. ते नेमाने घेतलं जातं का, हे घरी जाऊन पाहणं माझं काम.

त्या रोग्यांत एक मेंढपाळ होता. बाभळीचा काटा रुतून त्याची पोटरी सडत चालली होती. पेनिसिलिनच्या इंजेक्शनांना जखम दाद देत नव्हती. पाय राहतो की जातो, एवढाच प्रश्न उरला होता. आमच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि ताप उतरला, पू आटला. मला तर आपणच त्याला बरं केलं असं वाटू लागलं.

पुढच्या खेपेला जखम पुन्हा ओली दिसली. त्याची बायको मात्र खुशीत होती.

"दादा, लय गुणाची दवा हाय तुमची. यांचा ताप उतरला, मग ऱ्हायलेली समद्यायला लावायलेय."

तिने वाटी पुढे केली. कॅप्सूल फोडून आतली भुकटी तिने करडीच्या तेलात कालवली होती. ते तेल नवऱ्याच्या पोटरीला, सासूच्या गळवाला आणि खुरं चिघळलेल्या मेंढ्यांना.

"अहो, ही पोटात घ्यायची होती! आणि ह्यांनी एकट्यानं!"

"घरात दवा आल्यावर एकट्यानंच खाऊ का?" तो बाजेवरून हसला. "मेंढ्या लंगडायल्यात. कंपनीला सांगा, आमी तुमच्या कागदावर अंगठा दिला, त्या खूर देतील."

मीही हसलो. त्यांना पुन्हा नीट समजावलं. तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण खरं बोलायची मला फार हौस. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"हे माझ्या कानावर घातलंच नसतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले. औषध नेमाने न घेणाऱ्याला वगळायचं, हा कंपनीचा नियम होता. उरलेल्या कॅप्सूल आणायला त्यांनी मलाच पाठवलं.

बाईने ज्वारीच्या मडक्यातून पुडी काढून दिली.

"दुसरी देताव का?"

"हो," मी म्हणालो.

दवाखान्यात पुन्हा तीच इंजेक्शनं सुरू झाली. शेवटी औरंगाबादला नेऊन पाय गुडघ्यावरून कापला.

पुढे दुसरीकडच्या रोग्यांना त्या औषधाने कावीळ झाली आणि कंपनीने ते कामच बंद केलं. मी कितीदा तरी स्वतःची समजूत घातली, की त्यालाही ते बाधलंच असतं. पण पुडी घेऊन निघालो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की या औषधाने त्याचा पाय सुधारत होता.

नंतर एकदा जिंतूरच्या स्टँडवर ती दोघं नवरा-बायको भेटली. त्याच्या काखेत कुबडी होती. राग कुठेच नव्हता, हेच मला सोसेना.

"दादा, दुसऱ्या पायाला बी फोड आलाय. ती दवा निघाली का?"

कंपनीने तोवर मलाही काढलं होतं.

"निघायलीय," मी म्हणालो.

तो बायकोकडे वळला. "ऐकलंस का? निघायलीय म्हनं."

"कंच्या दुकानात बघावं, दादा?" तिने विचारलं.

मी एका दुकानाचं नाव सांगितलं आणि सेलूच्या गाडीत चढलो.