पाण्यात हात घालून बसलेल्या काकू

“बुडबुड ऐकू येतेय ना गं?” काकूंचा दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा. इंदिरानगरात आमच्या दोघींच्या गॅलऱ्यांमध्ये फक्त एक लोखंडी जाळी होती. त्या चमच्याने जाळीवर टकटक करायच्या. मी चहाचा कप घेऊन बाहेर यायचे, क्षणभर ऐकायचे आणि म्हणायचे, “येतेय, काकू.” मग त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

बुडबुड म्हणजे त्यांच्या टबांची. काकू पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर व्हिडिओ बघून त्यांनी मातीशिवाय भाजी लावायला घेतली. स्टुलांवर प्लास्टिकचे टब, झाकणांना पाडलेली भोकं, भोकांत बसवलेली रोपं आणि खाली पाण्यात लोंबणारी पांढरी मुळं. जमिनीवर, माशांच्या टाकीला असतो तसला छोटा पंप. त्याच्या नळ्या टबांच्या तळाशी जायच्या आणि पाण्यात सतत हवा सोडत राहायच्या.

“मुळांनाही श्वास लागतो,” त्या सांगायच्या. “पाणी नुसतं उभं राहिलं की त्यातली हवा संपते. उन्हाळ्यात पाणी तापलं की आणखीच कमी. मग मुळं तपकिरी होतात, सडतात.”

पिकेल ते वाटून टाकणाऱ्या अशा शेजारणी तुम्हीही पाहिल्या असतील. काकूंच्या लेट्यूसचं काय करतात ते आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. तळमजल्यावरच्या वहिनींनी त्याची डाळ घालून पातळ भाजी केली. काकूंनी वाटीभर खाल्ली आणि म्हणाल्या, “पालकाला वाईट वाटेल इतकी चांगली झालीय.”

मग त्या पंप बदलायला लागल्या. एक बदलला, थोड्या दिवसांनी दुसरा. “हाही गेला गं. आवाजच नाही.” मी जाळीशी उभी राहून ऐकलं. पंप चांगला गुरगुरत होता. मी म्हटलं, “चालू आहे.” तेव्हा लक्षात आलं, त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या, ओठांकडे बघत होत्या. इतक्यात त्यांच्याच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि काकू तशाच उभ्या राहिल्या.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. समोर बसून सावकाश विचारलं, “काकू, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मुलाला सांगू नकोस. तो लगेच पुण्याला घेऊन जाईल. फोनवर मी त्याला रेंज नाही म्हणते, मेसेज कर म्हणते.” मग दाराकडे बघत म्हणाल्या, “भीती वाटते गं. दार वाजलेलं कळत नाही. घरात कुणी शिरलं तरी कळायचं नाही. दिवसभर मागे वळून बघत असते मी. मान दुखते.”

मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी मला विचारणंही कमी केलं. बाही वर करून त्या टबात हात घालायच्या, डोळे मिटायच्या आणि तळव्यावर बुडबुडे फुटतात का ते बघत बसायच्या.

तो एप्रिलमधला शनिवार होता. दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट गेलेली. दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत आले तर पायाला पाणी लागलं. ते जाळीखालून काकूंच्या बाजूने येत होतं. पंप बंद पडला की टबातलं पाणी नळीतून उलटं खाली येऊ शकतं, आणि पंप जमिनीवर होता. पाणी पंपातून ठिबकत होतं. त्याच्या शेजारी एक्स्टेंशन बोर्ड पाण्यात पडला होता, बटणाच्या कडेला रंगवलेला लाल ठिपका दिसत होता, म्हणजे बटण चालूच होतं. आणि काकू पलीकडच्या टोकाला माझ्याकडे पाठ करून, त्याच पाण्यात अनवाणी, टबात हात घालून बसल्या होत्या.

लाईट कुठल्याही क्षणी येणार होती.

मी हाका मारल्या. जाळी हलवली. हाताला लागले ते कपड्यांचे चिमटे जाळीतून फेकले. एक त्यांच्या पाठीला लागला. “हुश्श, मेली कबुतरं,” त्या म्हणाल्या आणि मागे वळल्याच नाहीत. एरवी सारख्या मागे बघणाऱ्या काकू त्या वेळी बुडबुडे यायची वाट बघत होत्या.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. खाली मीटरच्या खोलीत मेन स्विचांची रांग. काकूंचा कुठला ते मला माहीत नव्हतं. मी सगळे खाली ओढले. शेवटचा घट्ट होता, दोनदा हातातून सुटला. तो खाली आला आणि मी भिंतीला टेकले, तोच शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर घरघरू लागली. लाईट आली होती.

वर आले. जाळी धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने काकू उठल्या, पायाखाली पाणी बघितलं, बोर्ड बघितला, मग मी दिसले.

“अगं, रडतेस का?” त्यांनी विचारलं. माझा चेहरा बघता बघता त्यांना सगळं समजलं. त्या भिंतीला धरून आत गेल्या आणि मला दार उघडलं.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “स्पीकर लाव.” मग त्या फोनकडे वाकून मोठ्याने बोलल्या, “मला ऐकू येत नाही रे. खूप दिवस झाले. तू बोल, ही मला सांगेल.”

पलीकडून मुलगा हळू आवाजात म्हणाला, “तिला सांगा, मी निघतोय.”

मी काकूंकडे तोंड करून सांगितलं. त्यांनी मान हलवली. “मग कपडे भरायला घेते,” त्या म्हणाल्या, पण बराच वेळ जागच्या हलल्या नाहीत.

त्या पुण्याला गेल्याला आता वर्ष होऊन गेलं. कानाला मशीन बसवलंय. फॅन, बांगड्या, ताटं, सगळ्याचाच आवाज फार होतो म्हणतात आणि दुपारी ते काढून ठेवतात. किल्ली माझ्याकडे आहे. अधूनमधून मी त्यांच्या घरात जाते, नळ सोडते, गढूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबते. तेवढ्यातही मला तिथली शांतता सोसवत नाही. पाठीमागे कुणीतरी आहे असं वाटत राहतं. मी वळून बघते. कुणी नसतं. दार ओढून घेते आणि ते नीट लागलं का, हे दोनदा हाताने ढकलून बघते.