पडत्या भावात माल काढत नसतेत

आमचे हे नेरच्या बाजारात कापसाचे दलाल. आम्ही राहत होतो ते घर भाड्याचं. मालकानं ते विकायला काढलं तेव्हा आधी आम्हाला विचारलं, दिवाळीपर्यंत पैसे द्या म्हणाला. यांच्या दलालीची आणि माझ्या शिलाईची शिल्लक होती, पण ती यांनी मोबाइलवरच्या डिजिटल टोकनात घातली होती.

मला त्यांनी ते वखारीच्या भाषेत समजावलं होतं. वखारीत तूर ठेवली की पावती मिळते, पावतीवर कर्ज मिळतं. तसंच परदेशातली एक कंपनी संगणकाची महागडी मशीनं गहाण ठेवून आमच्यासारख्यांकडून कर्ज घेते. मशीनं भाड्यानं जातात, भाड्यातून आम्हाला व्याज. पावतीऐवजी मोबाइलमध्ये टोकन. व्याज येतही होतं, त्यामुळे माझं तोंड बंद.

मग बाजारात नवी, जास्त वेगवान मशीनं आली. जुन्यांचं भाडं उतरलं, टोकनही उतरलं. तेव्हा थोड्या तोट्यात का होईना, पैसे निघत होते. मी अक्षरशः हातापाया पडले. हे म्हणाले, "पडत्या भावात माल काढत नसतेत. थांब, भाव येते."

आमच्याकडे घराघरात हेच चालतं. खोलीत छतापर्यंत कापूस भरायचा, अंगाला खाज सुटली तरी त्याच्याशेजारीच झोपायचं आणि भावाची वाट पाहायची. पुष्कळदा भाव येतोही.

"कापूस जुना झाला तरी त्याचं सूत निघते," मी म्हणाले. "जुनं मशीन कोन घेईन?"

हे चपला घालून बाजारात निघून गेले.

पोळ्याच्या सुमारास कंपनीनं हप्ते थकवले आणि पैसे काढणं बंद झालं. गहाण मशीनं विकायला निघाली, तर त्यांना जेमतेम भंगाराचा भाव. भांडायला जावं तर ऑफिस नाही, फोन उचलायला माणूस नाही. मी देवाला शिव्या घातल्या, यांनाही घातल्या. जीव नकोसा झाला होता.

दिवाळी झाली आणि मालक गिऱ्हाईक घेऊन आला. मला वाटलं, हे तोंड लपवतील. पण हेच पुढे झाले. एकेक खोली उघडून दाखवली, मागची विहीर दाखवली. "मे महिन्यातई आटत नाई जी," म्हणाले. मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

सौदा तिथंच ठरला. जाताना मालकानं यांच्या हातावर दलाली ठेवली. यांनी ती घेतली, कारण नवीन घराचं भाडं त्यातूनच भरायचं होतं.