कात्रजच्या घाटात हवेची दांडी

मंडळी, आत्ताच मोटार घेऊन भोरला परत आलोय. हाताची काजळीसुद्धा धुतली नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून आमची भोर-पुणे सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. त्या गॅसात हवा किती मिसळायची, ते ड्रायव्हरनं एका दांडीनं जमवायचं. कान इंजिनाकडं, हात दांडीवर.

आज कामथडीला एक मावशी चढल्या. मांडीवर मुलाला द्यायच्या भाकरीचं गाठोडं. मुलगा पलटणीत, दुपारच्या आगगाडीनं पुण्याहून लढाईवर निघालेला.

कात्रजच्या घाटात मोटारीचा दम संपला. हवा वाढवली तर इंजिन फटफटायला लागलं, कमी केली तर गुदमरलं. मधे एका जागी जरा जोर लागला. तिथंच दांडी धरून बसलो. मोटार मुंगीसारखी चढू लागली.

"आरं बाबा, चुलीवानी वारा घाल की जरा!" मावशी म्हणाल्या.

"जास्त वाऱ्यानं बंद पडंल, मावशी."

"मंग एवढाच जोर?"

"व्हय. एवढाच."

त्या उतरल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागल्या. पुढच्या वळणावर त्या माझ्या मोटारीच्या पुढं होत्या. चिडायचं तरी कुणावर?

माथ्यावर त्या वाट बघत उभ्या होत्या. दुपार केव्हाच कलली होती. आत चढता चढता त्यांनी विचारलं, "आगगाडी थांबली आसंल न्हवं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?