चौकची मोटरवाली

चौक गावात, जुन्या हायवेच्या कडेला, दोन धाब्यांच्या मधोमध, पत्र्याचं एक दुकान आहे. दारात गंजके पाईप, तांब्याच्या तारेची भेंडोळी, पोट उघडून ठेवलेल्या मोटरी. आत किशोर खाली मान घालून वाइंडिंग करत बसलेला असतो. पण दुकानावर आलेलं गिऱ्हाईक त्याला विचारतं, "मोटरवाली हाय का?" मोटरवाली म्हणजे त्याची बायको, जयवंता. बोअरमधली मोटर बंद पडली की ती वर ओढून काढायची, दुरुस्त झाली की पुन्हा खाली सोडायची, हे काम खालापूरपासून कर्जतपर्यंत ती करते.

हे काम तिनं मागून घेतलेलं नव्हतं. लग्न होऊन ती चौकला आली तेव्हा किशोर स्वतः गडी घेऊन मोटरी उतरवायचा. एकदा साखळी निसटली, पाईपांचा सगळा भार त्याच्या अंगावर आला आणि त्याची कंबर गेली ती गेलीच. डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी घातली. घरात पडून राहिलेला नवरा आणि अंगणात पडून राहिलेली मोटर ओढायची लोखंडी तिपाई यांच्याकडे जयवंतानं काही दिवस पाहिलं. मग एका सकाळी एका शेतावरून निरोप आला, तेव्हा पदर खोचून ती टेंपोत जाऊन बसली. गडी एकमेकांकडे बघून हसले. शेतकऱ्यानं दादांना पाठवा म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, दादांनीच मला पाठवलंय. ते खरं नव्हतं. बायको कुठे गेली होती हे किशोरला संध्याकाळी कळलं. तो रागावला नाही. पाईपाला क्लॅम्प कुठे लावलास एवढंच त्यानं विचारलं, आणि तिचं उत्तर ऐकून ताट बाजूला सारलं, सुतळीचा तुकडा घेतला आणि केबल पाईपाला कशी बांधायची ते तिला दाखवायला लागला.

तेव्हापासून ती या कामात मुरली. तिचे हात खरखरीत झाले, आवाज मोठा झाला, आणि शिव्या द्यायलाही ती शिकली. मात्र जमिनीखाली काय आहे, पाणी येतं कुठून, हा विचार तिनं कधी केला नव्हता. तिच्या लेखी बोअर म्हणजे एक अंधारं भोक. त्यात पाईप जातो, बटण दाबलं की पाणी येतं. पाणी कमी पडलं की मोटर आणखी खाली सोडायची, अगदीच आटलं की काढून घ्यायची. पाणी ही तिच्यासाठी हॉर्सपॉवरची गोष्ट होती.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाची नुकतीच नगरपंचायत झाली होती. कर्जतकडच्या रस्त्याला इमारती उठल्या, माणसं वाढली, आणि नदीतल्या बंधाऱ्याचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडावरच तळ गाठायला लागलं. नगरपंचायतीनं गावासाठी मोठी बोअर मारायचं ठरवलं. जागा दाखवायला आणि पाण्याची चाचणी घ्यायला पुण्याहून समिधा नावाची भूजलाची जाणकार आली. वयानं तरुण, उन्हानं रापलेली, बोलायला कमी. चाचणीची मोटर उतरवायचं काम ठेकेदारानं जयवंताला दिलं.

बोअरची गाडी आली त्या दिवशी मोजमाप घ्यायला म्हणून जयवंता तिथे गेली होती. इतकी वर्षं ती बोअरवर काम करत होती, पण बोअर मारताना शेवटपर्यंत उभी अशी ती कधी राहिली नव्हती. तिचं काम सगळं उरकल्यावरचं. त्या दिवशी राहिली. हातोडा कातळावर आदळत होता आणि पायांखालची जमीन थरथरत होती. भोकातून राखाडी भुकटीचे लोट उसळत होते. मधेच भुकटी लाल झाली, विटेच्या चुऱ्यासारखी. समिधानं ती चिमटीत धरून जयवंताच्या तळहातावर ठेवली. तिनं सांगितलं, की हा सगळा डोंगर म्हणजे ज्वालामुखीचा तप्त रस एकावर एक पसरून झालेले थर आहेत. एक थर निवायचा, मग पुष्कळ काळ काहीच घडायचं नाही, त्याच्यावर माती धरायची, आणि मग पुढचा रस येऊन ती माती भाजून काढायचा. ही लाल भुकटी म्हणजे ती भाजलेली माती. माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची. जयवंतानं मूठ मिटली. ती झटकून टाकायचं तिला सुचेना.

लाल थर संपला, सच्छिद्र दगड लागला, आणि काही वेळानं हातोड्याचा आवाज बदलला. भोकातून आधी चिखल उडाला आणि मग पाणी. गाडीच्या टपाच्या वर, शेजारच्या आंब्याच्या शेंड्यापर्यंत ते गेलं आणि उन्हात पांढरं होऊन सगळ्यांच्या अंगावर कोसळलं. नगरपंचायतीची माणसं भिजत उभी राहिली. कुणी नारळ फोडला. जयवंता नखशिखांत भिजली होती. तोंडावरून ओघळणारं पाणी गार होतं, बाहेर एवढं ऊन असताना गार, आणि या पाण्यानं आजवर ऊन पाहिलंच नसेल असं तिच्या मनात आलं.

चाचणी सुरू झाली. जयवंतानं आपल्या गड्यांना घेऊन मोठी मोटर खाली सोडली आणि ती जनरेटरला जोडली. चाचणीचा नेम असा, की मोटर न थांबवता चालवायची, बाहेर पडणारं पाणी मोजायचं आणि बोअरच्या आतली पातळी किती खाली जाते ते बघत राहायचं. त्यासाठी समिधाकडे एक लांबलचक टेप होती. तिचं टोक पाण्याला टेकलं की ती चिरकायची. सुरुवातीला पातळी झपाट्यानं उतरली आणि मग जवळजवळ जागच्या जागी ठरली. वरून एवढं पाणी उपसलं जात होतं आणि खाली कुठूनतरी तेवढंच येऊन मिळत होतं. गावात आनंदीआनंद झाला. नळ दोन वेळ सुटणार म्हणून लोक बोलायला लागले. जयवंताच्या मोटरीचंही कौतुक झालं आणि तिला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमाराला डोंगरावरच्या ठाकूरवाडीतून जना उतरून आली. जयवंता तिला ओळखत होती. उन्हाळ्यात करवंदं नि जांभळं घेऊन ती चौकला हायवेवर बसायची आणि दुपारी दुकानाच्या सावलीला यायची. आज तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. ती सरळ बोअरपाशी आली.

"जयवंता, झरा गेला गं आमचा," ती म्हणाली. "काल दुपारपासून बारीक होत आला, न आज नायच."

तिथे उभ्या असलेल्या नगरपंचायतीच्या एका माणसानं उन्हाळ्यात झरे आटायचेच असं सांगून विषय मिटवायचा प्रयत्न केला. जना त्याच्याकडे वळलीही नाही. हा झरा तिच्या सासूच्या सासूनंसुद्धा आटलेला पाहिला नव्हता. सगळी वाडी त्याच्यावर जगत होती.

जयवंताला ते पटेना. झरा डोंगराच्या पोटाला, चांगला चढ चढून गेल्यावर लागणारा. बोअर इथे खाली, मधे एवढा कातळ. खालून ओढलेलं पाणी वरचा झरा कसा तोडेल? तिनं समिधाकडे पाहिलं.  डोंगराकडे आणि मग बोअरमधून निघालेल्या दगडाच्या ढिगाकडे समिधा बघत होती. शेवटी ती म्हणाली, की आपण झऱ्याचा विचार केला होता, पण तो वरच्या निराळ्या थरातला असेल असं धरून चाललो. थर डोंगरात तिरका वर गेला असेल, तर बोअर आणि झरा एकाच थरावर असतील. बसून ठरवण्यापेक्षा बघू.

"ताई, तुम्ही जनाबाईंबरोबर वर जा," ती जयवंताला म्हणाली. "तुम्ही पोचलात की मला फोन करा. मग मी मोटर बंद करते. काय होतं ते फक्त बघा आणि सांगा."

दोघी चढायला लागल्या. पायवाट सागाच्या वाळक्या पानांनी भरलेली होती. जयवंताला धाप लागली. जना पुढे चालत होती आणि मधून मधून थांबत होती.  कड्याच्या खाली एक उंबर होता, आणि उंबराच्या मुळांच्या वर, दोन कातळांच्या मधल्या आडव्या चिरेत झऱ्याचं तोंड. खाली दगडात कोरलेली डोणी. तिच्या तळाला गढूळ ओल राहिली होती आणि तिच्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या. भोवती वाडीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. जयवंताला पाहून त्यांनी हंडे बाजूला घेतले आणि तिला वाट करून दिली. ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं.

तिनं फोन लावला. खाली मोटर बंद झाली. आतापर्यंत इथवर ऐकू येणारी जनरेटरची बारीक घरघर थांबली आणि डोंगर एकदम शांत झाला.

बराच वेळ काही झालं नाही. उंबरावर पाखरं कलकलत होती. एक बाई हंडा उपडा घालून त्याच्यावर बसली. जयवंता चिरेसमोर उकिडवी बसली होती आणि मनातून तिला वाटत होतं, की काहीच होऊ नये. म्हणजे आपल्या मोटरीवर दोष येणार नव्हता. तेवढ्यात चिरेच्या कडेचा दगड तिला थोडा काळा दिसला. सावली असेल म्हणून तिनं हात लावला. दगड ओला होता. ओल कडेकडेनं पसरत गेली, एका जागी थेंब धरला, फुगला आणि पडला. पुढचा त्याच्या मागोमाग पडला. थेंबांची दोरी झाली, दोरीची धार झाली, आणि डोणीत आवाज सुरू झाला. बाया उठून उभ्या राहिल्या. हंडे खाली लावायचं मात्र कुणाच्या ध्यानात येईना.

जयवंतानं धारेखाली हात धरला. आंब्याखाली अंगावर कोसळलं होतं तेच गार पाणी. 

समिधाला खात्री करून घ्यायची होती. बायांनी हंडे भरून घेतल्याचं फोनवर कळल्यावर तिनं मोटर पुन्हा सुरू करायला लावली. जयवंतानं हात धारेखालीच ठेवला. खालून घरघर ऐकू आली. धार तशीच होती, आणि मग तळहातावरचा तिचा भार कमी झाला. डोळ्यांना दिसायच्या आधी ते तिच्या हाताला कळलं. एवढा थोरला डोंगर, त्याच्यावरचं जंगल, ही वाडी, ते खालचं गाव, आणि या सगळ्याच्या आतून एकच पाणी एकमेकाला धरून उभं. खाली कुणी ओढलं की इथे कळत होतं. आजवर आपण किती बोअरमध्ये मोटरी सोडल्या आणि त्या प्रत्येकीच्या वर, खाली, बाजूला काय काय असेल, असं तिच्या मनात आलं आणि ती हात तसाच धरून बसून राहिली. जनानं तिच्या खांद्याला धरून तिला उठवलं.

पुढे नगरपंचायतीत सभा झाली. समिधानं सगळं समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या गावापुढे मूठभर वाडीचं काय, असं एक-दोघं म्हणाले. वाडीला टँकर देऊ, असंही कुणी सुचवलं. जना आणि वाडीतली माणसं मागच्या भिंतीला टेकून ऐकत होती. मग मुख्याधिकाऱ्यांनी मोटर उतरवणाऱ्या बाईला काय दिसलं ते विचारलं. जयवंता उभी राहिली. तिचा नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"सायेब, मला हिशेब कळत नाय," ती म्हणाली. "मी वर झऱ्याखाली हात धरून बसले हुते. खाली मोटर लागली न माझ्या हातातलं पानी गेलं. ते पानी कुनाचं ते तुमी ठरवा. पन ते एकच हाय."

सभेत लगेच काही ठरलं नाही. पुन्हा चाचण्या झाल्या. निरनिराळ्या वेगानं पाणी काढून बघितलं, आणि दर वेळी जना झऱ्यावर बसून फोनवरून कळवत होती. अखेर ठरलं, की या बोअरमध्ये लहान मोटर बसवायची आणि झऱ्याची धार टिकेल इतकंच पाणी काढायचं. उरलेल्या गरजेसाठी ओढ्याच्या पलीकडे दुसरी बोअर मारली. तिला पाणी बेताचंच लागलं, पण ती चालवून झरा हलला नाही. गावाला नळ एकच वेळ सुटतो, आणि अगदी कडक उन्हाळ्यात अजून थोडे दिवस टँकर लागतो. त्यावरून कुरकुर चालूच असते.

मोठी मोटर काढून लहान बसवायची होती त्या दिवशी किशोर टेंपोत पुढच्या सीटवर बसून आला. कामावर तो फार वर्षांनी येत होता. त्याला झरा बघायचा होता, पण चढ त्याच्या कंबरेला झेपणारा नव्हता. जना वरून कळशी भरून घेऊन आली. तिनं पेल्यात ओतून त्याला पाणी दिलं. तोवर लहान मोटर खाली बसली होती. जयवंतानं ती चालू केली, पहिलं गढूळ वाहू दिलं, आणि पाणी निवळल्यावर दुसरा पेला भरून त्याच्या हातात दिला.

किशोरनं एक घोट याचा घेतला, एक घोट त्याचा घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग मान वर करून त्यानं डोंगराकडे पाहिलं.

"काय वो?" जयवंतानं विचारलं.

"काय नाय गं," तो म्हणाला आणि दोन्ही पेले संपवून त्यानं जनाच्या हातात दिले. गडी तिपाई सोडत होते. जयवंता साखळी गोळा करायला त्यांच्याकडे गेली.