पक्के तीन मण

"कोन मांगी ऱ्हायनं? पोट का जीभ?"

खाण्याची वस्तू समोर आली की तोलारचाचा आधी हा प्रश्न विचारत. विचारत स्वतःलाच, पण इतक्या मोठ्यानं की देणारा बिचारा दचकून हात मागे घेई. मग ते डोळे मिटत आणि दोन्ही तळहात तराजूच्या पारड्यांसारखे पुढे धरत. उजवा हात थोडा खाली जाई, मग डावा. बघणाऱ्यांचा श्वास अडकलेला असे. शेवटी डोळे उघडून चाचा निकाल देत, "जीभ मांगी ऱ्हायनी. तिले काय कामधंदा शे?" आणि पेढा परत जाई.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. नंदुरबारच्या मिरची बाजारात एका अडत दुकानावर मी माल बघायला होतो. म्हणजे पोत्यात हात घालून मिरची काढायची, मोडायची, हुंगायची आणि दोनदा शिंकून मालाबद्दल मत द्यायचं. चाचा त्याच दुकानाचे तोलार. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळलेली मिरची पोत्यांनी यायची आणि चाचांच्या तराजूवरून पुढे जायची. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. हमाल त्यांना चाचा म्हणत, शेठही चाचाच म्हणत.

बाजारात वावरलेल्यांना ठाऊक असेल, तोलणारा माणूस मोजायला सुरुवात करताना 'एक' म्हणत नाही. ते अपशकुनी समजतात. आमच्याकडचे हिंदू तोलार पहिल्या मापाला 'लाभ' म्हणत आणि चाचा 'बरकत' म्हणत. सकाळी पहिलं पोतं चढलं की त्यांचा खर्जातला 'बरकऽत' पार टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत ऐकू जाई. तो ऐकल्याशिवाय आम्हाला दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे.

चाचांचं स्वतःचं वजन होतं पक्के तीन मण आणि वर दोन शेर. माझ्यासारखा काटकुळा माणूस त्यांच्या शेजारी बसला की आपण अजून पुरते जन्मलो नाही असं त्याला वाटायचं. त्यांना मात्र या वजनाची लाज कधीच नव्हती. उलट, तोलार भारदस्त असला म्हणजे शेतकऱ्याला मापाचा भरवसा वाटतो, असं ते सांगत. मग एके दिवशी एका घोड्यानं त्यांना नापास केलं.

त्यांची एकुलती एक लेक मोलगीला दिली होती. जावयाचं तिथं मीठ आणि कापडाचं दुकान. मोलगी म्हणजे सातपुड्याच्या आत, वर. त्या वेळी घाट एकतर पायी चढायचा नाहीतर तट्टावर बसून. लेकीची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे लेकीला खाली येता येईना. तिला मुलगी झाली, मुलगी रांगू लागली, चालू लागली, बोलू लागली. चाची दोनदा तट्टावर बसून जाऊन आल्या, त्या अंगानं चिमणीएवढ्या. चाचाही एकदा निघाले. तापी ओलांडून, तळोदा-अक्कलकुवा मागे टाकून बैलगाडीनं घाटाच्या पायथ्याशी पोचले. तिथला घोडेवाला खापरच्या बाजारातून मीठ-गूळ वर नेणारा. घरी डोंगरातली पावरी बोले, आमच्याशी आमच्या बोलीत. त्यानं चाचांभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले.

"बाबा, मन्हं घोडं मरी जाई. सव्वादोन मणनं वर एक शेर बी नही."

चाचा चिडून पायी निघाले आणि पहिल्याच वळणावर बसले. तासभर तिथंच बसून होते म्हणे. चाची तट्टावरून वर गेल्या आणि चाचा बैलगाडीनं माघारी आले. दुकानावर येऊन त्यांनी ही हकीकत सांगितली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले. "जनमभर मी माल तोला, आन त्यानी माले तोलीसन परत धाडं!" मग आठवड्यानं चाची परतल्या. त्यांनी आणलेला निरोप सांगताना मात्र चाचा हसले नाहीत. "नात इचारस म्हने, नाना खरोखर शे का नुसता बोलाना?"

त्या दिवसापासून चाचांनी ठरवलं. सव्वादोन मण. त्याच्या वर एक शेर नाही.

आता वजन उतरवायचं म्हणजे वैद्याकडे जावं, उपास करावा. चाचांनी यातलं काही केलं नाही. ते तोलार होते, त्यांनी जेवणाचाच बाजार मांडला.

जेवायला बसले की आधी भाकरीचा चौथा हिस्सा मोडून बाजूला काढायचे. "बारदान," म्हणायचे. आमच्याकडे माल तोलला की पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदान काढणं म्हणतात. चाचांचं म्हणणं असं की प्रत्येक भाकरीत चौथा हिस्सा बारदान असतं, आपण ते इतकी वर्षं अडाण्यासारखं खात आलो. हे बारदान बाजारातल्या एका लंगड्या शेळीला मिळे. चाचा शेराशेरानं उतरत गेले आणि शेळी शेराशेरानं चढत गेली. शेवटी शेवटी तिला लंगडताही येईना.

उरलेल्या भाकरीचं तोलणं चाले. चाळीस शेरांचा मण होतो, म्हणून एक घास चाळीस वेळा चावायचा. पहिल्या चाव्याला मनात 'बरकत', मग बोटांवर दोन, तीन, चार... चाळीस झाले की मान हलवून "मण भरना" म्हणायचं आणि मगच गिळायचं. मध्ये कुणी काही विचारलं तर मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. हमाल जेवून, आडवे होऊन, घोरून उठत, तरी चाचांचा सातवा मण चालू असे. एकदा मी विचारलं, "चाचा, इतक्यात कसं उरकलं? अर्धी भाकरी तर तशीच आहे."

"भाऊ, पोट भरनं नही. जबडा थकी गया."

मीही चाळीस मोजू लागलो. मला वजन उतरवायची काय गरज होती, देव जाणे. उतरवायला माझ्याकडे होतं काय?

लग्नाकार्यात मात्र खरी मजा. पानात जिलबी पडली की चाचांचे तळहात पुढे. एका पारड्यात जिलबी आणि दुसऱ्यात मोलगी. सगळी पंगत जेवण थांबवून बघत बसे. मोलगी बहुतेक वेळा जड भरायची. कधीकधी मात्र जिलबीचं पारडं खाली जाई आणि चाचा ती जिलबी उचलून शांतपणे खात. कुणी चिडवलं तर म्हणत, "तोलमा खोटं नही करनं." चाळीस वेळा चावलेली जिलबी कशी लागते ते मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून फारशी बरी लागत नसावी.

चढणीचा सराव करायचा तर आमच्याकडे सपाटी. मग चाचा दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीवर चढू-उतरू लागले. पहिल्या दिवशी मिरचीच्या थप्पीवर चढले. पोत्यांतल्या मिरचीचा चुरा झाला, शेठ ओरडले आणि सगळा बाजार शिंकला. दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची थप्पी. सकाळी पाच वेळा, दुपारी पाच वेळा. वर पोचले की कपाळाला हात लावून उत्तरेकडे बघत. तिथून दिसायचं फक्त समोरच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर. पण चाचा हमालांना सांगत, "मोलगी दिसाले लागनी रे!"

दर शुक्रवारी आंघोळ करून, पहिलं पोतं चढण्याआधी चाचा स्वतः पारड्यात बसत. साखळ्या धरून, मांडी घालून. समोरच्या पारड्यात हमाल एकेक वजन चढवत. मग बारदानावरून भांडण. चाचा कपड्यांचे अडीच शेर वजा मागत.

"अडीच शेर? चाचा, पायजमा शे का तंबू?"

घासाघीस होऊन दीड शेरावर तडजोड होई.

वर्षभरात वीस शेर उतरले. आणि मग वजन अडून बसलं. एक शुक्रवार, दुसरा, चौथा, सहावा... मापं तेवढीच. चाचांनी भाकरीचं बारदान तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नेलं, थप्पीच्या खेपा वाढवल्या. काही नाही. ते तोंडानं हसत, पण सकाळचा 'बरकऽत' बारीक होत चालला होता. मोलगीला चाललेल्या माणसाकडे निरोप द्यायचे, "नातले सांग, ई ऱ्हायना," तेही बंद झालं. आमच्यानं ते बघवेना.

म्हणून सातव्या शुक्रवारी आम्ही एक पाप केलं. आम्ही म्हणतो खरं, पण पायाचा अंगठा माझाच होता. वजनांच्या पारड्यामागे उभा राहून मी तो पारड्यावर टेकवला आणि हळूच दाबला. दांडी सरळ झाली. दोन शेर कमी! हमालांनी आरोळी ठोकली.

चाचा पारड्यातून उठले नाहीत. दांडीकडे बघत राहिले. "जित्ता मानूस बठना म्हंजे दांडी थरथरस," ते म्हणाले. "तो दम लेस ना. हाई दांडी मरेल शे. कोन शे मांगे?"

मी अंगठा काढला. पारडं वर गेलं, चाचा धप्पकन खाली आले. त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं, ते त्या दिवशी. तेही माझ्यावर.

"भाऊ, काटाले फसाडशात. घोडाले कसं फसाडशात? आन घाटले?"

मी जाऊन पोत्यांमागे बसलो. मग थोड्या वेळानं तेच माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, चूक माझीच आहे, मी सहा शुक्रवार तराजूकडे बघतोय. जायचं आहे मोलगीला आणि मी जातोय पारड्यात. त्यांनी त्या दिवसापासून स्वतःला तोलणं बंद केलं. शुक्रवारी सकाळी तराजूऐवजी ते तापीच्या वाटेनं चालायला लागले, आधी कोसभर, मग दोन कोस. मी सोबत जायचो, अंगठ्याचं प्रायश्चित्त म्हणून. वाटेत ते नातीबद्दल बोलत. न पाहिलेल्या पोरीबद्दल माणूस किती बोलू शकतो!

सहा-सात महिन्यांनी पुन्हा पारड्यात बसले. सव्वादोन मण, तेही कपड्यांसकट. हमालांनी मला आधी दहा पावलं लांब उभं केलं होतं.

मी त्यांना पायथ्यापर्यंत पोचवायला गेलो. चाची गाडीत गाठोडं घट्ट धरून बसल्या होत्या. त्यात नातीचे झगे, खजूर आणि आमच्या दुकानातली दोन शेर मिरची. घोडेवाल्यानं चाचांभोवती तशीच फेरी मारली. पहिल्यांदा त्यानं ओळखलंच नाही. ओळखल्यावर दुसरं तट्टू पुढे आणलं आणि हसून म्हणाला, "बठ बाबा!"

चाचांनी रिकिबीला हात लावला. मग थांबले. डोळे मिटले, तळहात पुढे धरले.

"कोन मांगी ऱ्हायनं? पाय का आळस?"

निकाल लगेच लागला. "गाठोडं टाक घोडावर," ते म्हणाले. "मी पायी जास."

ज्या घोड्यासाठी पावणेदोन वर्षं भाकरी मोडली, त्याच्या शेजारून ते चालत निघाले. पहिल्या वळणावर, जिथं मागे बसले होते तिथं, थांबले. चाचा वळले, हात वर केला आणि त्या दरीत त्यांनी जो आवाज काढला तो मी अजून विसरलेलो नाही.

"बरकऽऽत!"

पुढच्या वळणावरून आला, "दोऽन!" मग तीन. मला पाचपर्यंत ऐकू आलं. त्यानंतर मी गाडी वळवली.

आठ दिवसांत येतो म्हणून गेलेले चाचा पावसाळा संपला तरी आले नाहीत. दसऱ्याच्या सुमारास घोडेवाला चारोळी घेऊन नंदुरबारला आला. त्याच्याकडे चाचांचा निरोप होता, तो त्यानं अगदी त्यांच्या आवाजात सांगितला. "तीन मण पुरा व्हई गऊ. आते कोनतंच घोडं माले खाले लयाव नही. नातना हातना घास तोलता येत नही."

हमाल दिवसभर हसत होते. मीही हसलो, पण खरं सांगू? मला राग आला होता. इतकी मेहनत पाण्यात! चार घास चाळीस-चाळीस वेळा चावून झाल्यावर तो राग गेला. माणूस हलका झाला होता तो पोचण्यासाठी, आणि तो पोचला होता. मी मात्र अजून चाळीस मोजतो. आमच्या घरात माझं ताट सगळ्यात शेवटी उचलतात आणि त्यावरून मला रोज बोलणी बसतात.

चाचांच्या जागी नवा तोलार आला. हिंदू होता, गंभीर, कामाला चोख. पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणायचा, त्याच्या रीतीप्रमाणे. आम्हाला हळूहळू त्याची सवय झाली.

मग काही वर्षांनी एका सकाळी घोडेवाला आला, या वेळी तट्टावर चारोळी नव्हती. उभ्यानंच म्हणाला, "बाबाना जनाजा डोंगरवर लई जावाले आठ जन लागनात. नात मांगे मांगे चालनी."

"आठच?" एक म्हातारा हमाल हसला आणि हसता हसता डोक्यावरचं फडकं डोळ्यांना लावून खाली बसला. मी पोत्यात हात घातला, मिरची काढली, मोडली, उगाच हुंगत राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला मिरचीच्या बाजारात कारण लागत नाही. पण ते मिरचीचं नव्हतं.

बाहेर गाड्या खोळंबल्या होत्या. हमालांनी पहिलं पोतं उचलून पारड्यात ठेवलं. नव्या तोलारानं माप चढवलं, दांडी सरळ होईपर्यंत थांबला. चाचांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं एकदा आमच्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाला,

"बरकत."