तीनचा आकडा

मुलांनो, तुम्ही तिकडे सुट्टीत वस्त्यांमधून फिरून संशोधन करता, तसंच करणारी कॉलेजातली एक मुलगी गेल्या आठवड्यात इथे आली. उन्हाळ्यात घरं किती तापतात ते ती मोजते आहे. तिने एक तापमापक माझ्या भिंतीवर लावला, एक आमच्या कामवाल्या शालनच्या पत्र्याच्या खोलीत. दुपारी तीनचा माझा आकडा मी वहीत लिहिते. चारला शालन येऊन तिचा सांगते, तोही शेजारी लिहिते.

तेव्हापासून मला चैन नाही. इतकी वर्षं मी जेवणानंतर कडी लावून पंख्याखाली पडते, आणि ती लाल डोळ्यांनी परत आली की सुनावते, "अगं, दुपारची जरा झोपत जा!" ती हसून "हो आजी" म्हणते. त्या भट्टीत झोपणार कशी?

काल भांडी घासून ती निघाली, तेव्हा म्हटलं, "शालन, इथेच पड आज."

"आणि माझा तीनचा आकडा कोण बघणार? ती पोरगी रागवंल की!"

तिला चटई दिली. पावणेतीनला चष्मा आणि छत्री घेऊन मी तिच्या खोलीकडे निघाले.