यादीच्या तळाला
दोन हजार सतरा साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. शिक्क्याच्या शाईचा वास आला की अजून तेच साल डोळ्यापुढं येतं. मी ऊसतोडीला गेलतो, तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या मतदार यादीतून ‘गाव सोडून गेला’ म्हणून माझं नाव गाळलं. घर गावात, रान गावात, बापाला जाळला तो वढा गावात, आन् मी कुठं गेलो? म्हणून वकील धरून बीडच्या कोर्टात अर्ज टाकला. मतदान उद्यावर आलं आन् मला तारीख मिळाली पुढच्या महिन्याची. कागदावर सही करतो म्हणालो, चौथी शिकलोय. कारकुनानं माझ्या पटक्याकडं बघितलं आन् माझा अंगठा धरून शाईत दाबला. बाहेर चहा पिताना वकीलसाहेब म्हणाले, “बाबा, अमेरिकेत काही ठिकाणी जजसुद्धा लोकच मतं देऊन निवडतात.” “मग हितंबी तसंच पायजे. माझं मत लागलं असतं, तर जजला माझं नाव आजच सापडलं असतं.” ते हसले. “आन् ज्याच्याकडं मतं जास्त, त्याच्याच बाजूनं निकाल लागला असता, मग?” “तो आताबी लागतोयच की.” मग ते हसले न्हाईत. हळूच म्हणाले, “तिथं पूर्वी काळ्या लोकांनाही मत देऊ देत नव्हते. तरी ते रांगेत जाऊन उभे राहायचे.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसून शाळेत रांगेत पहिला उभा राहिलो. यादीवाला म्हणाला, “मामा, नाव न्हाई तुमचं, कशाला आलात?” मी त्याच्या हातातला पेन घेतला आन् त्याच शाईच्या अंगठ्यानं धरून, यादीच्या तळाला माझं नाव मीच लिहिलं, बापाच्या नावासकट.